येथे टीव्ही गेम दुरुस्त होतील

मी मूळची खालापूरच्या बाजूची. आमचं गाव म्हणजे पुढं भाताची खाचरं आणि मागं डोंगर, त्याच्यापलीकडं सांगण्यासारखं काय नाय. बापूस माझा शेती करायचा, भात घरात आलं की खोपोलीला एका कारखान्यात हंगामी कामाला जायचा, आणि आमी सगळ्या बहिणीच, भाऊ नाय, म्हणून शेतातलं जे काय काम असतं ते आमीच केलं, राब भाजला, आवण म्हणजे भाताची रोपं उपटली, लावणी केली, भारे डोक्यावरनं खळ्यात आणले, काय सांगू तुमाला ताई, त्या हातांनी मी पुढं टीव्ही उघडणार हाय असं कोणी बोललं असतं तर मी हसून हसून बांधावरच बसले असते. आमच्या घरात लाईट होती, नाय असं नाय, पण मला करंटची एवढी भीती की बटण मी हातानं दाबायचीच नाय, लाटण्यानं दाबायची. आई ओरडायची, अगं वनिता, लाटणं काळं होईल. लाटणं काळं व्हायचंच, कारण आमची भिंत चुलीच्या धुरानं काळी.

लग्नाचं सांगते. हे, म्हणजे माझे मालक, गजानन नाव त्यांचं, पण चौक गावापासून खोपोलीपर्यंत सगळे गजूमिस्त्रीच म्हणतात. तर हे मला बघायला आले, सोबत त्यांची आई आणि मामा, मी पोहे घेऊन बाहेर आले, आणि बघते तर नवरामुलगा जाग्यावर नाय. शेजारच्या घरचा टीव्ही बंद पडला होता, कोणीतरी सहज बोललं की हा मुलगा टीव्ही मेकॅनिक हाय, झालं, हे उठून तिकडं गेले. पोहे थंड झाले, मामा लाजले, माझी आई तोंडावर पदर घेऊन बसली. मग तिकडनं टीव्हीचा आवाज आला, पोरं ओरडली, आणि हे हात पुसत आले आणि बसले, जसं काय मोरीत जाऊन आले. मला नाव पण विचारलं नाय. बापूस बोलला, हा माणूस कामाचा हाय, द्या पोरगी. आता तुमी विचाराल तुला राग आला काय, तर आला, पण थोडा बरं पण वाटलं, कारण दुसऱ्याचं बंद पडलेलं बघून ज्याला बसवत नाय तो माणूस घरात पण बरा असणार, एवढं मला तेवढ्या वयात पण कळलं.

दुकान चौकला मुंबई पुण्याच्या जुन्या हायवेवर, एका बाजूला ट्रकचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला धाबा. पुढं दुकान आणि मागच्या खोलीत आमचा संसार. धाब्याच्या तव्याचा आवाज आणि गॅरेजच्या हातोड्याचा आवाज, त्याच्या मध्ये आमच्या दुकानात टीव्हीच्या मुंग्यांचा आवाज, खर्रर्र खर्रर्र, असं तीन आवाजांत माझी प्राजू, म्हणजे प्राजक्ता, मुलगी माझी, पाळण्यात झोपायची. आवाज बंद झाला की उठायची.

आणि मग ते टीव्ही गेम आले. तुमी खेळलायत काय? बघा, चेहऱ्यावरच दिसतंय. डबा असायचा पांढरा नायतर करडा, दोन वायरींना दोन रिमोट, वरनं कॅसेट खुपसायची पिवळी नायतर निळी, एका कॅसेटवर लिवलेलं असायचं हजारो गेम हायत म्हणून आणि आत तेच तेच फिरून फिरून यायचे. रणगाड्यांचा गेम, बदकं मारायचा गेम, त्याला प्लास्टिकची बंदूक. खोपोलीच्या कारखान्यातली माणसं बोनस झाला की पोरांना घेऊन द्यायची, आणि पोरं ते एवढं खेळायची की महिन्या दोन महिन्यांत आमच्याकडं. कॅसेट चालली नाय की तिच्यात फू मारायची, थुंकी आत जायची, आतलं पितळ हिरवं पडायचं, मग आणा गजूमिस्त्रीकडं. यांनी फळीवर स्वतःच्या हातानं रंगवलं, येथे टीव्ही गेम दुरुस्त होतील. एसटीतनं वाचून माणसं उतरायची.

त्यात पण गंमत असायची. पोरगं दुकानात डोळ्यांत पाणी आणून उभं, आणि बाप पाठीमागनं यांना खुणा करतोय, परीक्षा झाल्याशिवाय देऊ नका. मग हे गंभीर तोंड करून सांगायचे, बाळा, याचा पार्ट मुंबईवरनं यायला पायजे. पोरगं विचारायचं, कधी येणार? हे बोलायचे, तुझा शेवटचा पेपर कधी हाय? पोरं काय बावळट नसतात, त्यांना सगळं कळायचं, पण जायची बिचारी.

चांगलं चाललं होतं. मग यांच्या डोळ्यांचं झालं. साखर होती अंगात, आमाला ठाऊकच नाय. आधी बोलायला लागले, वनू, बल्ब बदल गं, उजेड कमी पडतो. मी बल्ब बदलला. परत बोलले, अजून मोठा लाव. मग एक दिवस मी बघते तर हे वायर हातात धरून बसलेत, लाल का हिरवी ते कळत नाय, आणि कोणाला सांगवत पण नाय. पनवेलला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर देवमाणूस, खोटं काय बोलले नाय. बोलले, साखर डोळ्यांत उतरलीय, फार आत उतरलीय, लेझर मारू, जेवढं राहील तेवढं राखू. राखलं त्यांनी, उजेड कळतो, दारात माणूस उभा राहिला तर सावली कळते. पण बारीक काम संपलं. वय तरी काय होतं हो यांचं, डोक्याचा एक केस पिकला नव्हता.

हे दुकानात येऊन बसायचे आणि हात नुसते टेबलावर ठेवायचे. टीव्ही कोणी आणला तर बोलायचे, ठेवा, बघतो. बघतो शब्द बोलून झाला की मान खाली घालायचे. मी मागच्या खोलीतनं बघायची. आठवडाभर बघितलं आणि मग मी पदर खोचला आणि यांच्या बाजूला स्टूल घेऊन बसले आणि बोलले, मला शिकवा. हे बोलले, तुला करंटची भीती. मी बोलले, भीती हाय, पण मला डोळे पण हायत, तुमी हात लावून सांगा, मी बघून करते. यांनी मग माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली, लग्नात पण एवढा वेळ धरला नव्हता, आणि बोलले, लावणीचा हात हाय, दोन काड्या चिखलात सरळ उभ्या करतेस तू, वायर जोडायला कथलाचा थेंब सरळ सोडायला काय अवघड नाय.

काय अवघड नाय म्हणे! पयल्या दिवशी बोट भाजलं, दुसऱ्या दिवशी पदर भाजला. भांडणं तर विचारू नका. हे सांगायचे, लाल वायर पकड. मी बोलायची, कुठली लाल, दोन हायत. जाड का बारीक? दोन्ही सारख्याच. मग वास घे. अहो वायरीचा काय वास घेऊ! पण घ्यायला लावला. जळकी वस्तू वासावरनं कळते, कथलासोबत लावायच्या राळेचा वास वेगळा, जळलेल्या तांब्याचा वेगळा, हे मला यांनी नाक धरधरून शिकवलं. गॅरेजवाले हसायचे, धाब्यावर चर्चा, मिस्त्रीची बायको मिस्त्री झाली. गिऱ्हाईक यायचं, मला इस्क्रू फिरवताना बघायचं आणि टीव्ही परत खांद्यावर घेऊन जायचं. वाईट वाटायचं, पण मी पुढचा इस्क्रू फिरवायला घ्यायची.

माझं पयलं दुरुस्त झालेलं काम टीव्ही गेमच होता. हे बाजूला बसून सांगतायत, मी करतेय, घामाची धार लागलीय, आणि बटण दाबलं, आणि टीव्हीवर आलं चित्र! मी एवढ्या जोरात ओरडले की गॅरेजमधला माणूस हातोडा टाकून धावत आला, त्याला वाटलं शॉक लागला. हे विचारतात, काय दिसतंय गं? काय दिसतंय? मी आनंदात बोलले, सगळं निळं निळं दिसतंय! आणि हे हसले. डोळे गेल्यापासून पयल्यांदा हसले. त्या हसण्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली असं समजा. धाबेवाल्यानं त्या दिवशी स्वतःचा टीव्ही आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला, वहिनी, आमचा पण बघा. त्याच्यानंतर गिऱ्हाईक परत यायला लागलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाय.

पुढचं तुमाला ठाऊकच हाय. वरनं नवीन रस्ता झाला, गाड्या तिकडनं जायला लागल्या, चौकला थांबणारी माणसं कमी झाली. मोबाईल आले, त्यातच गेम, त्यातच टीव्ही. भिंतीवर लावायचे पातळ टीव्ही आले, ते बिघडले तर माणसं नवीनच आणतात. आमच्या माळ्यावर मात्र टीव्ही गेम साचत गेले, लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि न्यायला न आलेले, त्यात दोनचार जुने कॉम्प्युटर पण, खोपोलीच्या एका टायपिंग क्लासनं दिलेले, मोठ्या पेटीसारखे, चौकोनी फ्लॉपी आत घालायचे. प्राजू तोवर शिकून नोकरीला लागली, कर्जतजवळ भिसेगावला तिनं घर घेतलं आणि बोलली, आई, बाबा, बास झालं, या आता माझ्याकडं. आमी दुकान सोडलं. भंगारवाला टेंपो घेऊन आला. हे उंबऱ्यात बसले आणि जो डबा बाहेर येईल त्याच्यावर हात फिरवून बोलायचे, हा नको, हा कोणाचा तरी हाय. हा पण नको. भंगारवाला बोलला, मिस्त्री, माणसं मोठी झाली, आता कोण येतं न्यायला? हे बोलले, येतील. भंगारवाला रिकामा टेंपो घेऊन गेला आणि त्या सगळ्या वस्तू आमच्यासोबत भिसेगावला आल्या.

प्राजूची गॅलरी भरली. कपडे वाळत घालायला जागा नाय. ती चिडायची, बरोबरच हाय तिचं, बोलायची, बाबा, हे भंगार हाय. हे बोलायचे, भंगार नाय बाळा, राहिलेलं काम हाय. शेवटी तिनं मोबाईलवर फोटो टाकला, कोणाला पायजे असतील तर घेऊन जा. दुसऱ्याच दिवशी शंतनू आला. कर्जतच्या पुढं नदीकडं त्याचं फार्महाऊस हाय, मुंबईला कॉम्प्युटरमध्येच नोकरी, पण जुन्या मशीनचा नाद. पायातली चप्पल काढली, गॅलरीत फरशीवर मांडी घालून बसला आणि एकेक डबा असा मांडीवर घेऊन बघायला लागला, जसं कोणी बाळंतिणीच्या खोलीत येऊन बाळ बघतं. बोलला, काकी, हे सगळं विंटेज हाय. मी बोलले, ते काय असतं रं? तो सांगायला लागला, जुनी वस्तू, तिच्याच काळात बनलेली, ती विंटेज, आणि आताच बनवलेली पण जुन्या घाटाची, ती रेट्रो. मला पटकन कळलं. मी बोलले, म्हणजे आजीचं नऊवारी हाय ते विंटेज, आणि आता हल्ली पोरी शिवलेलं घालतात, पायजम्यासारखं चढवायचं, ते रेट्रो. शंतनू एवढा हसला! बोलला, काकी, एवढं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. हे आतनं बोलले, मग मी कोण रं? तो बोलला, काका, तुमी विंटेज. प्राजू दारात उभी होती, ती पण हसली. त्या दिवसापासून गॅलरीवरनं भांडण बंद.

शंतनूनं आमाला बोलावलं. त्याच्या फार्महाऊसवर जुनी मशीनं जमवणाऱ्या माणसांचा मेळावा होता, मुंबई पुण्याची माणसं येणार, आपापल्या वस्तू मांडणार, दिवसभर खेळणार. बोलला, काकी, तुमच्या पण वस्तू आणा, आणि मशीनं जुनी, मध्येच बंद पडतात, तुमी दोघं असलात तर बरं. मी नवीन साडी नेसले, पिशवीत हत्यारं घेतली, यांना इस्त्रीचा शर्ट घातला. मोठा हॉल, मोठी मोठी टेबलं, प्रत्येक वस्तूपुढं छापील चिठ्ठी. एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना सर म्हणत होते, कुठली वस्तू कुठं मांडायची ते ते ठरवत होते. ते आमच्या टेबलापाशी आले, चष्मा लावला, डबा उलटा करून बघितला, आणि शांतपणे बोलले, हे यात बसत नाय. हे मूळ मशीन नाय, नक्कल हाय. परदेशातल्या कंपनीनं जे बनवलं त्याची कॉपी. विंटेज म्हणायचं तर मूळचं पायजे. माणूस वाईट नव्हता हो, आवाज चढवला नाय, तुच्छ लेखलं नाय, जे ठाऊक होतं ते सांगितलं. शंतनूचं तोंड पडलं. त्यानं आमच्या वस्तू उचलून बाहेर ओटीवर एका टेबलावर मांडल्या, जिथं सगळ्यांच्या चपला होत्या तिथं, आणि सारखं सॉरी काकी सॉरी काका करत होता.

मला वाईट वाटलं, पण यांचं तोंड बघून जास्ती वाटलं. हे खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर, आणि हळू बोलले, वनू, म्हणजे आपण जन्मभर नकलाच दुरुस्त करत बसलो काय गं? काय सांगू? ज्या कामानं डोळे गेल्यावर यांना उभं केलं, ज्या कामानं पोरगी शिकली, ते एका शब्दात खोटं झाल्यासारखं वाटलं. मी बोलले, चला, रिक्षा बघते, घरी जाऊ.

तेवढ्यात फाटकातनं टेंपो आला, जेवण घेऊन. पिठलं, भाकरी, भात, मोठी मोठी पातेली. जेवणाचं काम करणारी बाई उतरली, रेश्मा नाव तिचं, चाळिशीची असंल, कर्जतला तिची खानावळ हाय, माहेर खोपोलीचं. भाकरीची टोपली काखेत घेऊन ती ओटीच्या पायऱ्या चढली आणि टेबलासमोर थांबली. टोपली खाली ठेवली. बोलली, अगं बाई! हा तर आमचा गेम! काकी, हा चालतो काय हो? मी बोलले, चालंल की, न चालायला काय झालं. जुना टीव्ही होता सोबत, जोडला, बटण दाबलं. ती फरशीवर बसली, ओढणी कमरेला बांधली आणि रिमोट असा पकडला जसा काय कालच खाली ठेवला होता. मला बोलली, काकी, मी आजोळी गेले होते, तेवढ्यात आईनं माझा गेम भांडीवालीला देऊन स्टीलचा डबा घेतला. तो डबा अजून हाय माझ्याकडं, पोहे ठेवते मी त्यात, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडताना आईला मनातल्या मनात एक शिवी देते. आता आई नाय, पण शिवी चालू हाय.

ती एक डोंगर चढायचा गेम खेळायला लागली. एक छोटा माणूस, पाठीला गाठोडं, दगड येतात, विहिरी येतात, तो उड्या मारत वर चढतो. मी यांच्याजवळ उभी. गेमचं गाणं वाजत होतं, टिं टिं टिडिं टिं टिं, ते तर आमाला झोपेत पण पाठ. आणि मग गाणं बदललं. हे एकदम ताठ झाले. बोलले, हे काय गं? हे गाणं कुठलं? रेश्मा मान न वळवता बोलली, काका, दुसरा डोंगर लागला. हे बोलले, दुसरा पण असतो?

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, ताई. आमी दोघांनी एवढे गेम दुरुस्त केले, पण खेळलो कधीच नाय. गेम लावायचा, चित्र येतंय, आवाज येतोय, माणूस पळतोय, बास, बंद करायचा, पुढचा घ्यायचा. डोळे होते तेव्हा पण यांनी त्या माणसाला पयल्या विहिरीपलीकडं कधी बघितला नाय. मी पण नाय. मी रेश्माला तसं सांगितलं. तिनं गेम थांबवला, मागं वळून यांच्याकडं बघितलं, आणि बोलली, काका, इकडं या, माझ्या बाजूला बसा. मी सांगते काय काय दिसतं ते. हे खुर्ची सोडून फरशीवर बसले तिच्या खांद्याला खांदा लावून, आणि ती सांगायला लागली. आता काका, सगळं हिरवं हाय, उजवीकडं धबधबा. आता पूल आला, मधली फळी नाय. उडी मारली, गेला पलीकडं. आता वटवाघळं, थांबा, थांबा, गेली. हे नुसते हं, हं करत होते, मध्येच विचारायचे, गाठोडं हाय ना अजून पाठीला? हाय काका, हाय.

आतल्या माणसांना भूक लागली, ती जेवण बघायला बाहेर आली, आणि जेवण टोपलीतच, वाढणारी डोंगरावर! पण सगळे तिथंच बघत उभे राहिले. कोणीतरी बोललं, आमच्याकडं पण हाच होता. दुसरा बोलला, माझा करडा होता, भाऊ मला दुसराच रिमोट द्यायचा. आता ती तिसऱ्या डोंगरावर दगडाखाली गेली तर सगळे असे हळहळले, जसा काय घरचा माणूस पडला. परत पयल्यापासनं. भाकऱ्या गार झाल्या. दुसऱ्या खेपेला ती वर पोचली, अगदी टोकाला. गाणं थांबलं. हे बोलले, काय झालं? पडला? रेश्मा बोलली, नाय काका, पोचला. काय हाय वर? तर ती बोलली, काय नाय काका, सूर्य उगवतोय. माणसानं गाठोडं खाली ठेवलंय आणि बसलाय. गाठोड्यात काय होतं? ते नाय दाखवत काका, नुसता बसलाय. हे बोलले, बसू दे, दमला असंल. आणि यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं, त्याच डोळ्यांतनं.

ते सर पण उभे होते मागं. कधी आले कळलं नाय. ते पायरीवर बसले आणि बोलले, या गेमची मूळची कॅसेट हाय माझ्याकडं, कंपनीच्या डब्यात, वरचा कागद पण फाडलेला नाय, फाडला की त्याची किंमत जाते. म्हणून मी कधी खेळलो नाय. वर काय हाय ते मला पण आजच कळलं. मग रेश्माला बोलले, मला एकदा देतेस काय? ती बोलली, आधी जेवा, मग देते. जेवल्यावर ते खेळले, पयल्या विहिरीतच पडले, आणि पोरासारखे हसले. जाताना त्यांनी एक चिठ्ठी लिवली आणि आमच्या डब्यापुढं ठेवली. ती आमी घरी आणली, प्राजूनं मला वाचून दाखवली, टीव्ही गेम, खोपोली, चौक, कर्जत भागात घराघरांत खेळला जाणारा. विंटेज लिवलं नाय त्यांनी, अजून पण त्यांचं म्हणणं नक्कल ती नक्कलच, आणि त्यांच्या जागी ते बरोबर हायत. पण यांच्या मनातला काटा निघाला. रिक्षात बसल्यावर हे बोलले, वनू, नक्कल असंल, पण डोंगर खरा होता. मी बोलले, होय तर.

त्याला आता बरेच दिवस झाले. रेश्मानं खोपोलीला सगळ्यांना सांगितलं, मिस्त्रीकाका भिसेगावला हायत, आणि तुमाला खोटं वाटंल, दुकानाच्या माळ्यावरनं आणलेल्या त्या डब्यांतले काही डबे खरंच न्यायला माणसं आली. टक्कल पडलेली, चष्मे लागलेली पोरं. एकानं तर विचारलं, काका, पार्ट मुंबईवरनं आला काय? हे बोलले, आला रं, तुझा शेवटचा पेपर झाला काय? आणि दोघं किती वेळ हसत होते. शंतनू रविवारी येतो, कधी मशीन घेऊन, कधी नुसताच चहाला. काम थोडं असतं पण असतं. मी कथील लावते, हे वास घेऊन सांगतात. साखर ताब्यात हाय, मुलगी गुणाची हाय, जावई शोधायचाय पण ती बोलते घाई नाय, तर नाय.

मी देवाकडं काय मागत नाय आता, मागायला काय राहिलेलं नाय. सकाळी कामं आवरली की आमी दोघं तो डोंगराचा गेम लावतो. मी खेळते आणि यांना सांगते काय दिसतंय ते. पण मी कसली खेळणार, माझा माणूस पयल्याच विहिरीत पडतो, रोज. हे विचारतात, पडलीस काय गं? मी बोलते, नाय हो, चढतेय अजून, आता धबधबा आला, आता पूल. यांना गाण्यावरनं कळतं, कळल्याशिवाय कसं राहील, एवढा पक्का कान. तरी तसं दाखवत नायत. नुसती मान हलवतात आणि बोलतात, चढ, चढ, सावकाश चढ.

तुमी पण सावकाश जा ताई, आमच्या इथल्या पुलाकडं गाड्या फार जोरात येतात. भलं होऊ दे तुमचं. आणि घरात काय बंद पडलेलं असंल तर टाकू नका, घेऊन या, आमी दोघं घरीच असतो.